रुग्णशय्येजवळचा विदूषक



गेल्या सत्रांत इयत्ता नववीच्या वर्गास मीं ‘मी मोठेपणीं कोण होणार’ हा नेहमींचाच विषय निबंधास दिला होता. वह्या तपासावयास घेतल्या तेव्हां त्यांत नेहमींप्रमाणें डॉक्टर, इंजिनियर, वैमानिक व क्रिकेटपटू हेच बहुसंख्य निघाले. एका वहींत मात्र ‘मी रुग्णालयांत विदूषक होणार’ असें पहिलेंच वाक्य होतें. तें मीं वर्गांत वाचून दाखवितांच मुलें पोट धरधरून हंसलीं. तो मुलगा मात्र खालीं मान घालून बसला. पुढचें पान मीं घरीं जाऊन वाचलें. तें आधीं वाचलें असतें तर बरें झालें असतें. त्याच्या धाकट्या बहिणीस रक्ताचा जन्मजात विकार असून दर तिसऱ्या आठवड्यास तिला शहरांतील मोठ्या रुग्णालयांत नेऊन रक्त द्यावें लागतें. एके दिवशीं तेथें लाल नाक लावलेले दोघे जण आले. त्यांतील एकानें तिच्या चपलेस नळी लावून, “ही चप्पल किती दिवसांपासून आजारी आहे?” असें अत्यंत गंभीरपणें विचारलें. त्या दिवशीं सुई टोंचतांना ती रडली नाहीं. एवढेंच त्यानें लिहिलें होतें.

चार दिवसांनीं त्याचे वडील ती वही घेऊन मजकडे आले. ते कारखान्यांत पाळी करणारे कष्टाळू गृहस्थ आहेत. ते म्हणाले, “सर, रात्रपाळी करकरून मी ह्याची फी भरतों, ती ह्यानें तोंडाला रंग फांसावा म्हणून का? ह्या धंद्याला पुढें कांहीं आहे का, तेवढें मला सांगा.” त्यांचा प्रश्न रागाचा नव्हता, काळजीचा होता, आणि मजपाशीं उत्तर नव्हतें. मीं त्यांजकडे आठ दिवसांची मुदत मागितली व ग्रंथ आणि वैद्यकीय नियतकालिकें चाळावयास लागलों. त्या वाचनाचें सार येथें देत आहें.

विदूषक कोण?

‘विदूषक’ हा शब्द आपणांस संस्कृत नाटकांतून मिळाला. ‘शाकुंतला’मधील माधव्य किंवा ‘मृच्छकटिका’मधील मैत्रेय हे वाचकांच्या परिचयाचे आहेत. हा विदूषक खादाड, भित्रा, वेडाविद्रा असा रंगविलेला असतो. परंतु त्याच्या ठिकाणीं दोन गोष्टी विशेष असतात. पहिली ही कीं, राजा व मंत्री संस्कृत बोलत असतां विदूषक जातीनें ब्राह्मण असूनहि प्राकृत बोलतो. दुसरी ही कीं, ज्या राजापुढें सर्व जण हात जोडून उभे असतात त्याच्याशीं तो मित्रत्वानें बोलतो. चारुदत्तास दारिद्र्य आलें तेव्हांहि मैत्रेयानें त्याची सोबत सोडली नाहीं. ह्या दोन गोष्टी विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवाव्या. पुढें त्यांचा उपयोग होणार आहे.

दुसरा विदूषक आपणांस सर्कशींत भेटतो. विष्णुपंत छत्रे ह्यांनीं १८८० सालीं मुंबईंत आपल्या सर्कशीचा खेळ लावला, तेव्हांपासून महाराष्ट्रास सर्कशीची ओळख आहे. झुल्यावरील कसरत संपून पुढच्या खेळाची मांडामांड होईपर्यंत लोकांस रमवून ठेवणें हें तेथील विदूषकाचें काम. तो पडतो, मार खातो, त्याची विजार सुटते, आणि प्रेक्षक हंसतात. प्रेक्षक हंसतात तें त्याच्याहून आपण शहाणे आहों असें क्षणभर वाटतें म्हणून. हीहि गोष्ट ध्यानांत असूं द्यावी.

रुग्णालयांत प्रवेश

आजारी मुलांपुढें विदूषकांनीं खेळ करावा ही कल्पना अगदीं आजची नाहीं. १९०८ सालच्या एका प्रसिद्ध फ्रेंच वृत्तपत्राच्या मुखचित्रांत लंडनच्या रुग्णालयांतील बालकांच्या वॉर्डांत विदूषक आलेले दाखविले आहेत. परंतु अशा भेटी म्हणजे सणासुदीची मिठाई. ती रोजच्या जेवणाचा भाग नव्हे. नियमित व शिस्तबद्ध काम सुरू झालें तें १९८६ सालीं. त्या वर्षीं अमेरिकेंत न्यूयॉर्क येथें ‘बिग ॲपल सर्कस’चे एक संस्थापक मायकेल क्रिस्टेन्सेन ह्यांस एका बालरुग्णालयानें बोलाविलें. तेथें हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या मुलांचा एक मेळावा होता. क्रिस्टेन्सेन ह्यांचा भाऊ आदल्याच वर्षीं कर्करोगानें वारला होता, आणि त्यानें दिलेली डॉक्टरी पिशवी त्यांच्यापाशीं होती. ती घेऊन ते खोटे डॉक्टर बनून गेले. डॉक्टरांच्या प्रत्येक क्रियेची त्यांनीं थट्टा मांडली: कोणास लाल नाकाचें ‘रोपण’ केलें, तर कोणास रक्ताऐवजीं चॉकलेटचें दूध ‘चढविलें’. जीं यंत्रें, जे झगे व ज्या नळ्या पाहून मुलांच्या पोटांत गोळा येत असे, त्यांचीच गंमत झाली. ह्या भेटींतून रुग्णालयांत ठराविक दिवशीं जाणाऱ्या विदूषकांचें एक पथक उभें राहिलें.

त्यानंतर ही पद्धति वेगानें पसरली. १९९१ सालीं फ्रान्स, ऑस्ट्रिया व ब्राझील येथें अशा संस्था निघाल्या. स्वित्झर्लंडमध्यें १९९३ सालीं दोघां भावांनीं आपल्या आईच्या स्मरणार्थ ‘थिओडोरा’ ही संस्था स्थापिली. व्हिएन्ना येथें १९९४ सालीं ‘रोट नाझन’ म्हणजे ‘लाल नाकें’ ही संस्था निघाली, आणि इस्रायलमध्यें २००२ सालीं ‘ड्रीम डॉक्टर्स’ हा उपक्रम आरंभिला गेला. आपल्याकडे पुष्कळांस १९९८ सालच्या एका चित्रपटामुळें डॉक्टर पॅच ॲडम्स हें नांव ठाऊक असतें. तथापि ॲडम्स हे स्वतः डॉक्टर असून त्यांनीं विदूषकाचा वेष घेतला. मी ज्यांजविषयीं लिहीत आहें ते मूळचे कलावंत असून डॉक्टरांच्या शेजारीं उभे राहावयास शिकले आहेत. हे दोन मार्ग निरनिराळे आहेत.

तो नेमकें काय करतो?

वाचकांस वाटेल कीं, वॉर्डांत शिरून उड्या माराव्या व मुलांस हंसवावें, ह्यांत शिकण्यासारखें काय आहे? परंतु चांगल्या विदूषकाची रीत पाहिली तर हा ग्रह दूर होतो. वॉर्डांत जाण्यापूर्वीं तो प्रथम परिचारिकेस भेटतो. कोणत्या खाटेवर कोण आहे, कोणाची शस्त्रक्रिया आज व्हावयाची आहे, कोणास हंसल्यानें त्रास होईल, कोणाच्या घरीं वाईट बातमी आली आहे, कोणाजवळ जातांना तोंडावर पट्टी बांधावी, हें सर्व तो विचारून घेतो व जें ऐकतो तें बाहेर बोलत नाहीं. तो हात धुतो. एका खाटेजवळून दुसऱ्या खाटेजवळ जातांना पुन्हां धुतो. सर्कशींतील पांढरा रंग व लाल ओंठ तो सहसा लावीत नाहीं. पुष्कळदां एक लहानसें लाल नाक एवढाच त्याचा वेष असतो. बहुधा ते दोघे जोडीनें जातात. मूल बोलावयास तयार नसलें तर ते आपसांतच भांडतात, आणि मुलानें नुसतें पाहिलें तरी चालतें.

ह्या सर्वांत महत्त्वाची गोष्ट दाराशीं घडते. विदूषक दाराशीं थांबतो, डोकावतो व विचारतो, “आंत येऊं का?” मूल ‘नाहीं’ म्हणालें तर तो जातो. जातांना कदाचित् दारावर आपटेल, चुकून कपाटांत शिरेल, पण जातो. आतां विचार करा. रुग्णालयांत मुलास किती जणांस ‘नाहीं’ म्हणतां येतें? सुई घेऊन येणाऱ्या परिचारिकेस म्हणतां येत नाहीं. डॉक्टरांस म्हणतां येत नाहीं. कडू औषध घेऊन बसलेल्या आईसहि म्हणतां येत नाहीं. हे सर्व त्याच्या हितासाठींच झटत असतात, ह्यांत शंका नाहीं. परंतु दिवसभर त्याच्या देहावर दुसऱ्यांची सत्ता चालते. त्या सर्व इमारतींत ज्यास तें हुकूम करूं शकतें, जा म्हटल्यास जो जातो, ज्याच्याहून तें शहाणें ठरतें, असा एकच मनुष्य आहे, आणि तो विदूषक होय. रुग्णालयाचीं सर्व माणसें डॉक्टरी भाषा बोलत असतां हा मुलाची भाषा बोलतो. राजाच्या दरबारीं प्राकृत बोलणारा जो विदूषक आपण वर पाहिला, त्याचेंच काम हा करतो. फरक एवढाच कीं येथें राजा खाटेवर निजलेला असतो.

मुलांस विदूषकाची भीति वाटते असें कोणी म्हणतात. ह्या बाबतींत दोन शोध एकमेकांजवळ ठेवून पाहण्यासारखे आहेत. इंग्लंडांतील शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनीं ४ ते १६ वर्षांच्या २५० हून अधिक मुलांस रुग्णालयाच्या सजावटीविषयीं विचारलें. भिंतीवरील विदूषकांचीं चित्रें मुलांस मुळींच आवडत नाहींत, असा निष्कर्ष २००८ सालीं प्रसिद्ध झाला. उलटपक्षीं इस्रायलमधील डॉक्टरांनीं प्रत्यक्ष विदूषक भेटलेल्या १,१६० मुलांची पाहणी केली, तींत खरोखर भ्यालेलीं मुलें १४ च निघालीं; हा शोध २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. एवढा फरक कां पडावा? दोन्ही पाहण्यांची रीत वेगळी होती, हें एक कारण असेलच. परंतु मला वाटतें कीं भिंतीवरचें चित्र दार वाजवीत नाहीं, आणि ‘जा’ म्हटल्यानें जात नाहीं, हेंहि एक कारण असावें.

कसोटीस काय उतरलें?

एखादी गोष्ट गोड वाटते म्हणून ती खरी मानूं नये, असें आम्ही विज्ञानाच्या तासास शिकवितों. तोच नियम येथें लावूं. इटलींत फ्लॉरेन्स येथें २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत शस्त्रक्रिया व्हावयाच्या ४० मुलांचे दोन गट केले. एका गटास भूल देण्याच्या खोलींत आई किंवा वडील ह्यांची सोबत होती. दुसऱ्यास तीच सोबत अधिक विदूषक. दुसऱ्या गटांतील मुलांची धास्ती पुष्कळच कमी आढळली. येथपर्यंत सर्व ठीक. परंतु तेथील डॉक्टर व परिचारिका ह्यांस विचारलें, तेव्हां मुलांस ह्याचा लाभ होतो असें सांगूनहि बहुतेकांनीं हा उपक्रम पुढें चालू ठेवण्यास नकार दर्शविला. कारण शस्त्रक्रियागृहाच्या कामांत अडथळा होतो.

२००९ सालीं इस्रायलमध्यें ३ ते ८ वर्षांच्या ६५ मुलांवर असाच प्रयोग झाला. त्यांत कांहीं मुलांस गुंगीचें औषध दिलें, कांहींस विदूषक भेटविले, व कांहींस दोन्ही दिलीं नाहींत. थांबण्याच्या खोलींत विदूषकांच्या सोबतीचीं मुलें सर्वांत शांत होतीं. परंतु भूल देण्याची जाळी तोंडावर ठेवण्याच्या क्षणीं गटागटांत लक्षांत घेण्याजोगा फरक उरला नाहीं. म्हणजे विदूषक मुलास दारापर्यंत पोंचवितो; दारापलीकडची भीति तो सर्वस्वीं हरण करूं शकत नाहीं.

अशा २४ प्रयोगांचा एकत्र आढावा एका प्रतिष्ठित ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकानें २०२० सालीं छापला. त्या प्रयोगांत मिळून १,६१२ मुलें होतीं. सुई, भूल, तपासणी अशा प्रसंगीं विदूषकांमुळें मुलांची चिंता कमी होते, तसेंच कांहीं आजारांत वेदना, थकवा व ताण ह्यांतहि उतार पडतो, असें त्यांत आढळलें. मात्र ह्यांतील कित्येक प्रयोगांत उणिवा आहेत, हेंहि लेखकांनीं नमूद केलें आहे. सारांश, विदूषक रोग बरा करीत नाहीं, आणि तसें म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवूं नये. तो भीति कमी करतो. जे कधीं आजारी मुलाच्या उशाशीं रात्रभर बसले आहेत, त्यांस भीति कमी होणें ही लहान गोष्ट वाटणार नाहीं.

माझी एक चूक

येथवर वाचून कित्येक उत्साही विद्यार्थी म्हणतील, “सर, आपणहि नाताळांत लाल नाकें लावून दवाखान्यांत जाऊं.” त्यांनीं पुढील हकीगत लक्ष देऊन वाचावी.

कांहीं वर्षांपूर्वीं सातवींतील एका मुलाचें अपेंडिक्सचें ऑपरेशन झालें. तो गंमत्या मुलगा असल्यामुळें त्याच्याशिवाय वर्ग सुना वाटे. तिसऱ्या दिवशीं मी दहाबारा मुलांस घेऊन, ढोलकी, मुखवटे व संमेलनांतील एक फार्स ह्यांसह त्याच्या खाटेपाशीं गेलों. आम्हीं कोणास विचारलें नाहीं. चांगल्या कामास विचारावयाचें काय, असें मला वाटलें. फार्स सुरू झाला. आमचा विद्यार्थी खूप हंसला. परंतु शेजारच्या खाटेवर चारएक वर्षांची एक मुलगी होती, ती मुखवटा पाहून किंचाळली व आईच्या पदराआड लपली. सिस्टर धांवत आल्या व म्हणाल्या, “मास्तर, ही शाळा नाहीं. मुलांना घेऊन आधीं बाहेर व्हा.” मला राग आला. परत येतांना मुलांस मीं असेंहि सांगितलें कीं, जगांत चांगुलपणाची कदर नाहीं.

महिन्यानें तो मुलगा शाळेंत आला. मधल्या सुटींत मीं त्यास मोठ्या कौतुकानें विचारलें, “काय रे, त्या दिवशीं मजा आली कीं नाहीं?” तो थोडा वेळ घुटमळला व म्हणाला, “सर, खरें सांगूं? हंसलें कीं टांके फार दुखत होते. पण तुम्ही सगळे इतक्या लांबून आलांत, मग हंसलों.”

त्या दिवशीं मला कळलें कीं मीं त्यास हंसविलें नव्हतें. मीं त्याच्याकडून हंसणें वसूल केलें होतें. खाटेवर पडलेल्या मुलानें आपल्या वेदना गिळून आमचें मन राखलें. विदूषक कोण झाला असेल तर तो झाला, आणि आम्ही प्रेक्षक होतों. दाराशीं थांबून “येऊं का?” असें विचारणें मला सुचलें असतें, तर हें टळलें असतें. सिस्टरांचा राग योग्य होता.

पुढें काय?

आतां पालकांच्या प्रश्नाकडे वळूं. ह्या कामास भविष्य आहे का? माझ्या मतें आहे; परंतु तें ह्या कामास विद्येचें रूप येण्यावर अवलंबून आहे. परिचारिकेच्या कामाचें उदाहरण घ्या. आजाऱ्याची शुश्रूषा पूर्वीं कोणीहि दयाळू मनुष्य करीत असे. एकोणिसाव्या शतकांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांनीं तिला शिक्षण, शिस्त व नोंदवह्या दिल्या, आणि १८६० सालीं लंडनमध्यें परिचारिकांची शाळा निघाली. नुसती दया पुरेशी नाहीं असें ठरलें, तेव्हांच त्या धंद्यास मान मिळाला. विदूषकाचें काम आज त्याच वळणावर उभें आहे.

ह्या दिशेनें पावलें पडत आहेत. इस्रायलमध्यें हैफा विद्यापीठानें वैद्यकीय विदूषकांसाठीं पदवीचा अभ्यासक्रम काढला. त्यांत अभिनयाबरोबर बालमानस व आजारांची ओळख हेहि विषय आले. युरोपांतील संस्थांनीं २०११ सालीं एक संघ स्थापून शिक्षण व आचार ह्यांविषयीं समान नियम ठरविण्यास आरंभ केला. अर्जेंटिनामधील ब्वेनोस आइरेस प्रांतानें तर २०१५ सालीं कायदाच केला कीं, सरकारी रुग्णालयांच्या बालविभागांत विदूषकांची सेवा असलीच पाहिजे.

दुसरी दिशा वृद्धांची. मुलांइतकेच भित्रे व परस्वाधीन आजारी म्हणजे स्मृति गेलेले म्हातारे. ऑस्ट्रेलियांत सिडनी येथील ३५ वृद्धसेवागृहांत ह्या संबंधीं एक मोठा प्रयोग होऊन त्याचे निष्कर्ष २०१३ सालीं बाहेर आले. वृद्धांची खिन्नता विशेष कमी झाली नाहीं. परंतु त्यांची चिडचीड व अस्वस्थता पुष्कळ कमी झाली. आपल्याकडेहि आयुर्मान वाढत असून एकत्र कुटुंबें कमी होत चाललीं आहेत, तेव्हां ही दिशा आपणांसहि उपयोगी पडेल.

तिसरी गोष्ट साथीच्या काळांत दिसली. २०२० सालीं करोनाची साथ आली व विदूषकांस वॉर्ड बंद झाले. तेव्हां ते अंगणांत उभे राहून खिडकीकडे पाहत खेळ करूं लागले, व फोनच्या पडद्यावरून मुलांस भेटूं लागले. ही युक्ति पुढेंहि दूरच्या व एकांतांत ठेवलेल्या रुग्णांस उपयोगी आहे. तथापि पडद्यावरील विदूषक आणि खाटेजवळील विदूषक ह्यांत पत्र आणि भेट ह्यांएवढें अंतर राहणारच.

अडचण आहे ती द्रव्याची. बहुतेक देशांत ह्या संस्था देणग्यांवर चालतात. ज्या अमेरिकन सर्कशीनें हें काम सुरू केलें तिचें २०१६ सालीं दिवाळें निघालें, आणि त्याबरोबर तिचें विदूषकपथकहि बुडण्याची वेळ आली. पथकांतील मंडळींनीं वेगळी संस्था काढून तें तारलें, ही गोष्ट निराळी. जें काम देणगीवर उभें असतें तें देणगीबरोबर पडूं शकतें.

आपल्या देशांत दिल्ली येथें २०१६ सालीं ‘क्लाउनसेलर्स’ नांवाचा स्वयंसेवकांचा गट निघाला व तो रुग्णालयांत जाऊं लागला. मुंबईंत नौदलांतील अधिकारपद सोडून विदूषकाचा वेष घेतलेले एक मराठी गृहस्थ कर्करोगानें आजारी असलेल्या मुलांसाठीं खेळ करीत आले आहेत. परंतु एकंदरींत हें काम आपल्याकडे अजून सुटीच्या दिवसांचें आहे. त्यावर प्रपंच चालेल असें सांगणें म्हणजे फसवणूक होईल. आपल्या वॉर्डांत खाटा दाटलेल्या, परिचारिका थोड्या, व एका रुग्णामागें दोन नातलग जमिनीवर निजलेले असतात. तेथें परदेशची रीत जशीच्या तशी उतरणार नाहीं. ती बसवून घेणारीं माणसें लागतील, व तीं आज शाळांतूनच शिकत असलीं पाहिजेत.

उपसंहार

आठ दिवसांनीं ते गृहस्थ आले तेव्हां मीं त्यांस हेंच सांगितलें. म्हटलें, “तुमच्या मुलानें ह्या कामावर आज पोट भरेल असें समजूं नये. त्यानें शुश्रूषा, अध्यापन किंवा मानसशास्त्र ह्यांपैकीं एक विद्या हातीं घ्यावी, म्हणजे अन्न मिळेल. आणि अभिनय सोडूं नये, म्हणजे हें कामहि जमेल. परंतु त्याचा विचार हलका नाहीं. वर्गानें हंसावें असें त्यांत कांहीं नव्हतें. तें मीं वर्गांत बोलूनहि दाखविलें आहे.” ते पुष्कळ वेळ वहीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “सर, चपलेची गोष्ट खरी आहे. त्या दिवशीं ती रडली नाहीं. घरीं येईपर्यंत चप्पल पोटाशीं धरून बसली होती.” ह्यापेक्षां अधिक ते कांहीं बोलले नाहींत. वही मात्र जपून पिशवींत घालून घेऊन गेले.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यांतील फार थोडे विदूषक होतील. परंतु आजारी मित्रास, आजीस किंवा शेजाऱ्यास भेटावयास जाण्याचा प्रसंग प्रत्येकावर येणार आहे. त्या वेळीं तीन गोष्टी पाळा. जाण्यापूर्वीं, जो शुश्रूषा करीत असेल त्यास विचारा. दाराशीं थांबा, आणि आजाऱ्यानें ‘आज नको’ म्हटलें तर वाईट वाटून न घेतां परत फिरा. आंत गेल्यावर त्यास हंसविण्याचा हट्ट धरूं नका. त्यास रडूं आलें तर रडूं द्या, आणि गप्प बसावेंसें वाटलें तर तुम्हीहि गप्प बसा. पालकांसहि माझी हीच विनंति आहे. घरांतील आजारी मुलास दिवसांतून एकदां तरी ‘नाहीं’ म्हणण्याची संधि द्यावी, मग ती गोष्ट कोणता सदरा घालावयाचा एवढीच कां असेना.